खाल्लेल्या पानांची बाजू

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत त्या परिसरातली मूळची झाडे, झुडपे, वेली आणि गवते लावावीत आणि ती जागा पाखरे, फुलपाखरे, मधमाश्या, सरडे, बेडूक यांना राहण्याजोगी करावी, हा विचार महाराष्ट्रात आता बऱ्यापैकी रुळला आहे. त्याला होणारा विरोधही तितकाच रुळला आहे. हे अमेरिकेतून आलेले खूळ आहे. देशी-विदेशी हा भेद निसर्गाला कळत नाही. दोन गुंठ्यांच्या आवाराने जंगल वाचत नसते. साप येतात, डास होतात. बाग अजागळ दिसते. हे आक्षेप घेणारे बहुतेक जण झाडांवर प्रेम करणारेच असतात, त्यामुळे त्यांना उत्तर देणे भाग आहे. काही आक्षेपांत तथ्यही आहे. पण बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो. बाग फुलावरून जोखली जाते. वन्यजीवांसाठी केलेली बाग पानावरून जोखायला हवी.

झाडाला पळता येत नाही, म्हणून ते आपली पाने रसायनांनी राखते. कुठे चीक, कुठे कडूपणा, कुठे उग्र तेल, तर कुठे सरळ विष. त्यामुळे पाने खाणाऱ्या बहुसंख्य कीटकांना समोर येईल ते पान खाता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या, खरे तर लाखो वर्षांच्या सहवासात एखाद्या कुळातल्या झाडांची रसायने पचवण्याची क्षमता त्यांच्या अंगी आली आणि त्या कुळाशी ते बांधले गेले. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. गुरे तिला तोंड लावत नाहीत. प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची अळी मात्र रुई आणि तिच्या नातलग वनस्पतींवरच वाढते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉर्मन, म्हणजेच नीलवंत, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. माकडलिंबू हे त्याचे रानातले घर. त्याचा भाऊबंद कॉमन मॉर्मन परसातल्या कडीपत्त्यावरही समाधानी असतो. लिंबावर आणि बेलावर लाइम बटरफ्लाय, बहाव्याच्या कोवळ्या पालवीवर एमिग्रंट, बोरीवर कॉमन पिएरो, ईश्वरीच्या वेलीवर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ, अशी ही जोडपी ठरलेली आहेत. पंखांखाली पिवळ्या-तांबड्या खुणा मिरवणारे हळदीकुंकू हे फुलपाखरू तर अंडी घालते बांडगुळावर. माळी ज्याला शत्रू मानून पहिल्यांदा छाटतो, त्याच बांडगुळाच्या फळांवर फुलटोचा हा इवला पक्षी जगतो. आंब्यावर बांडगूळ माजले तर झाड खंगते, हे खरे. पण प्रत्येक फांदीवरून त्याचा मागमूस पुसायचा आणि मग हळदीकुंकू दिसेनासे झाले म्हणून हळहळायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येणार नाहीत.

ही साखळी पुढे पक्ष्यांपर्यंत जाते. शिंजीर फुलातला मध पितो, पण पिल्लांच्या चोचीत कोळी आणि किडे देतो. चिमणी दाणे टिपते. घरट्यातल्या पिल्लांना मात्र पहिले काही दिवस ती मुख्यतः कीटकच भरवते, कारण वाढत्या अंगाला लागणारी प्रथिने दाण्यात तेवढी मिळत नाहीत. शिंपी, दयाळ, वटवट्या यांचेही तसेच. पक्ष्यांसाठी गॅलरीत बाजरीची ताटली टांगली जाते आणि त्याच घरी कडीपत्त्यावर अळी दिसली की फवारणीची बाटली बाहेर निघते. ताटलीने मोठ्या पाखरांचे पोट भरते. पुढची पिढी त्या फवाऱ्याखाली उपाशी राहते.

इथेच पहिला आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप उभा राहतो: फुलपाखरे तर घाणेरीवर, म्हणजे टणटणीवरही झुंबड करतात, मग देशी झाडांचा आग्रह कशासाठी? फुलपाखरे घाणेरीवर येतात, यात वाद नाही. ती मध प्यायला येतात. मध म्हणजे साखरेचे पाणी. लांब सोंड असलेल्या कोणत्याही पाहुण्याला ते पिता येते, तिथे कुळाचा प्रश्न येत नाही. अंडी घालायला मादी दुसरीकडेच जाते, आणि ते दुसरे झाड जवळपास नसेल तर घाणेरीवरची झुंबड ही फक्त आसपासच्या एखाद्या टेकडीने पोसलेल्या फुलपाखरांची वर्दळ असते. बागेने त्यात एकाही फुलपाखराची भर घातलेली नसते. खाणावळीत गर्दी दिसली म्हणून गावात पाळणा हलला असे होत नाही. फुलपाखरे मोजून बागेचा मोठेपणा सांगणाऱ्यांनी एकदा कुरतडलेली पाने मोजावीत. खरा हिशेब तिथे लागतो.

घाणेरीचे आणखी एक प्रकरण आहे. उष्णकटिबंधीय अमेरिकेतले हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणि कुंपणासाठी भारतात आणले गेले. पाखरांनी त्याची फळे खाऊन बिया रानोमाळ नेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासक्षेत्रातल्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भागात, म्हणजे दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर, ती पसरली आहे. तिच्याखाली गवत तग धरत नाही आणि तिची पाने गुरांना विषारी ठरतात. जलपर्णीही शोभेची म्हणूनच आली. आज पुणे परिसरातल्या नद्यांवर आणि उजनीच्या पाण्यावर तिचे हिरवे आच्छादन काय करते, ते मासेमारी करणाऱ्यांना विचारावे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी संलग्न तज्ज्ञांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींची जी यादी केली आहे, तिच्यात घाणेरी आणि जलपर्णी तर आहेतच. शिवाय सुबाभूळ, रानमोडी, पिचकारी म्हणून ओळखला जाणारा आफ्रिकी ट्युलिप आणि वेडेलियाही आहे. पिवळ्या फुलांची, जमिनीसरशी पसरणारी ही वेडेलिया आजही रोपवाटिकांतून 'कमी देखभालीची' म्हणून विकली जाते आणि सोसायट्यांच्या वाफ्यांतून, रस्तादुभाजकांवरून पुढच्या ओढ्याकडे सरकत राहते. कोनोकार्पस या विदेशी झाडाच्या बाबतीत गुजरात सरकारला २०२३ मध्ये लागवडीवर बंदी आणावी लागली. आवारातले झाड आवारातच राहील, हा भरवसा बागेच्या मालकाला देता येत नाही. वाऱ्याला, पाण्याला आणि बुलबुलाला कुंपण अडवत नाही.

मग विदेशी ते सगळे उपटायचे का? हा प्रश्न प्रतिपक्ष मोठ्या खुशीत विचारतो आणि मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, झेंडू यांची यादी वाचून दाखवतो. दसऱ्याला दाराला लागणारा झेंडूसुद्धा मेक्सिकोकडचा, मग शुद्धतेचा सोस कशाला, असे त्याचे म्हणणे. हे उत्तर ज्या म्हणण्याला दिले जाते, ते म्हणणे मुळात कुणी जबाबदार अभ्यासक मांडत नाही. मिरची आणि टोमॅटो माणसाचे पोट भरतात, तेवढे काम त्यांना पुरे. बागेत झेंडूचा वाफा असण्याने फुलपाखरांचे काहीही बिघडत नाही. बिघडते ते आवारातली ऐंशी-नव्वद टक्के हिरवाई अशा वनस्पतींची असते तेव्हा, ज्यांच्याकडे माणसाला देण्यासारखे रंगापलीकडे काही नसते आणि कीटकाला देण्यासारखे पानही नसते: ड्युरांटाची कापलेली कुंपणे, ओळीने लावलेले पाम, आणि पाणी पिऊन पिऊन हिरवे राहणारे लॉन. प्रश्न झाडाच्या जन्मस्थानाचा नाही. त्याच्या पानावर इथले कुणी जगते का, एवढाच आहे.

काही विदेशी झाडांवर इथल्या अळ्या जगतात, हेही मान्य करायला हवे. सीताफळ अमेरिकेतले असूनही टेल्ड जे त्याची पाने खाते. मादागास्करहून आलेल्या पानफुटीवर रेड पिएरो वाढते. कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कोस्टरच्या काटेरी अळ्यांची रांग दिसते. पण हे अपवाद नियम मोडत नाहीत. सीताफळाचे इथे सख्खे नातलग आहेत, पानफुटीच्या कुळाचेही आहेत. नात्यातल्या झाडाचे रसायन ओळखीचे निघते म्हणून अळीला ते चालते. जिथे असे नाते नाही, तिथे पान जसेच्या तसे राहते. बागेच्या जाहिरातीत 'कीड न लागणारे झाड' असे त्याचे कौतुक होते.

प्रतिपक्षाच्या हाती असलेला सर्वांत भक्कम पुरावा इंग्लंडमधला आहे आणि तो टाळणे योग्य नव्हे. लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ पासून तीस वर्षे आपल्या घराच्या साध्या बागेतल्या सजीवांची नोंद ठेवली. नोंद झाली २,६७३ जातींची, आणि त्यांपैकी जवळजवळ दोन हजार कीटक होते. ती बाग देशी वनस्पतींपुरती मर्यादित नव्हती. तिथे भाजीपाला होता, परदेशी फुले होती. यावरून, हवी ती झाडे लावा, वन्यजीव येतातच, असा निष्कर्ष काढला जातो. तो दोन कारणांनी टिकत नाही. त्या नोंदींसाठी दिव्याचे आणि जाळ्याचे सापळे वापरले गेले होते. सापळ्यात आलेला प्रत्येक पतंग त्याच बागेत वाढला असे होत नाही. काही तर नुसते वाटेवरून जाणारे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. इंग्लंडच्या बागांतल्या पुष्कळ परदेशी वनस्पती युरोप आणि समशीतोष्ण आशियातल्या, म्हणजे तिथल्या देशी वनस्पतींच्या जवळच्या नात्यातल्या असतात. मादागास्करचा गुलमोहर किंवा दक्षिण अमेरिकेतली बोगनवेल पुण्यात येते, तेव्हा अंतर फार मोठे असते. ओवेन यांच्या बागेतून घेण्यासारखी खरी गोष्ट निराळीच आहे: ती दाट लावलेली होती आणि तिथे विषारी फवारे नव्हते. हे दोन नियम कोणत्याही बागेला लागू पडतात, देशी वनस्पतींच्या बागेला तर सर्वांत आधी.

'देशी' या शिक्क्यावर मात्र डोळे मिटून विसंबता येत नाही, आणि इथे या विचाराचे समर्थकही चुकतात. भारताच्या सीमेत उगवते म्हणून झाड सगळीकडे देशी ठरत नाही. हिमालयातला देवदार सोलापुरात परकाच. सप्तपर्णी पश्चिम घाटातलीच आहे, पण शहरांतल्या रस्त्यांवर ती रांगांनी लावली गेली आणि हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या फुलांच्या उग्र वासाने लोक हैराण होऊ लागले. दोष तिचा नाही, रांगेचा आहे. सर्वांत मोठी चूक माळरानावर होते. सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग इथले माळ हे उजाड पडलेले जंगल नव्हे. ते गवताळ प्रदेश आहेत, माळढोकाचे, लांडग्याचे, चंडोलाचे. तिथल्या घराच्या आवारात वड-पिंपळांचे वन उभारण्यापेक्षा पवन्या, कुसळी यांसारखी गवते, तरवड, बोर, हिवर आणि दोन-चार बाभळी राखणे जास्त खरे. कोकणात हेच काम करवंद, कुडा, सुरंगी, उंडी, बकुळ आणि रातांबा करतात. पुणे-सातारा पट्ट्यात धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी, अडुळसा, कोरांटी ही झुडपे आणि पळस, पांगारा, काटेसावर ही उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलणारी झाडे. पानगळीनंतर रान उघडे पडलेले असताना पळस-पांगाऱ्याच्या फुलांत मध भरलेला असतो आणि शिंजीर, मैना, बुलबुल, कोतवाल तिथे गोळा होतात. जागा मोठी असेल तर उंबर. त्याच्या फळांवर तांबट, कोकीळ आणि राज्यपक्षी हरियाल पोसले जातात. पण बंगल्याच्या भिंतीला खेटून उंबर लावणे म्हणजे पुढे करवतीला आमंत्रण. प्रा. श्री. द. महाजन यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी देशी वृक्षांबद्दल मराठीत जे लिहून ठेवले आहे, त्यात झाडाइतकाच जागेचाही विचार आहे. तो वगळून नुसत्या याद्या फिरवल्या जातात.

हे अमेरिकी खूळ आहे, या आक्षेपात अर्धे सत्य आहे. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांच्या २००७ च्या पुस्तकानंतर तिकडे ही चळवळ फोफावली आणि तिथली भाषा इकडच्या बागकामाच्या चर्चांत आली, हे खरे. पण घराभोवती स्थानिक वनस्पती बाळगण्याची रीत इथे कुणाकडून उसनी घ्यावी लागलेली नाही. गणेश चतुर्थीच्या एकवीस पत्रींची परंपरा पाहावी. रुई, बेल, बोर, शमी, आघाडा, दूर्वा, माका, डोरली, धोतरा, अर्जुन, पिंपळ, जाई, विष्णुक्रांता. यांतली काही नावे वर सांगितलेल्या अळ्यांच्या जेवणात आहेत. यादी पूर्ण स्थानिक नाही, तीत देवदारही आहे. पण ती जमवायची तर परसात, बांधावर, ओढ्याच्या काठाला ही रोपे जिवंत असावी लागत. आज बाजारात पत्री म्हणून मिळणाऱ्या जुडीत हाताला लागेल तो पाला बांधलेला असतो, कारण आघाडा उगवायला सिमेंट नसलेला हातभर तुकडा लागतो आणि तो राहिलेला नाही. देवरायांचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून दाखवले की गावाने राखलेल्या लहान-लहान तुकड्यांतही आसपास नाहीशा झालेल्या वनस्पती तग धरून राहतात.

लहान तुकड्याने काय होते, याचे उत्तर मोजून मिळालेले आहे. वॉशिंग्टन शहराच्या परिसरात डेझिरे नारांगो, टॅलमी आणि पीटर मारा यांनी घरांच्या आवारांत घरटी करणाऱ्या कॅरोलायना चिकडी या छोट्या कीटकभक्षी पक्ष्याचा अभ्यास केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या आवारांत वनस्पतींच्या एकूण वस्तुमानापैकी ७० टक्क्यांहून कमी वाटा देशी वनस्पतींचा होता, तिथे या पक्ष्यांची संख्या टिकून राहण्याइतकी पिल्ले होत नव्हती. ७० हा आकडा उचलून पुण्याला लावता येत नाही. पक्षी वेगळा, झाडे वेगळी. पण अळ्या कमी म्हणजे पिल्ले कमी, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. आणि हा अभ्यास अभयारण्यात झालेला नाही, लोकांच्या घरांभोवती झाला आहे. फुलपाखराच्या मादीला अंडी घालायला हेक्टरभर रान लागत नाही, योग्य झाड लागते. जमिनीत एकट्याने घरटे करणाऱ्या रानमाशीला थोडी उघडी माती पुरते. भुंग्याला वाळलेले, पोकळ होत चाललेले लाकूड. इथल्या घराभोवतालचा खरा शत्रू विदेशी झाड हा नाहीच. तो आहे भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेला पेव्हर ब्लॉक. पावसाचे पाणी त्याखाली मुरत नाही आणि त्यावर रुई उगवली की ती 'कचरा' म्हणून काढली जाते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. कितीही चांगली बाग केली तरी तिथे शेकरू येणार नाही, धनेश घरटे करणार नाही. शहरात तगून राहणाऱ्या जाती तिथे आधी येतात, आणि जंगलाच्या गाभ्यातल्या जाती बहुधा कधीच येत नाहीत. म्हणून आवारातली लागवड ही टेकडी फोडण्याची, देवराई तोडण्याची किंवा जुना वड पाडण्याची भरपाई होऊ शकत नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. घरबागेचे नाव पुढे करून त्या कायद्यातून पळवाट शोधणाऱ्याला या विचाराचा आधार घेता येणार नाही.

सापांचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि त्याला निसर्गप्रेमाच्या सुरात उत्तर देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, आणि निम्म्याहून अधिक पावसाळ्याच्या महिन्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही महाराष्ट्रात आहेत. भीती खोटी नाही. पण साप झाडाची जात पाहून येत नाही. तो येतो उंदरांमागे आणि लपायला जागा मिळते म्हणून. उघड्यावर टाकलेले शिळे अन्न, सांडलेले धान्य, कोंबड्यांचे खुराडे, भिंतीला टेकवलेल्या विटा, पत्रे आणि सरपणाचा ढीग, हे सारे जिथे असते तिथे एकही देशी झुडूप नसले तरी साप असतो. ड्युरांटाच्या दाट कुंपणात त्याला निर्गुडीइतकीच सोय असते. म्हणून नियम मांडणीचे आहेत: दाट झुडपे आणि पाल्याचा थर कुंपणाकडच्या बाजूला; दार, पायवाट, न्हाणीघर आणि नळ यांच्या भोवती काही फुटांचा उघडा, स्वच्छ पट्टा; दगडांचा किंवा लाकडांचा ढीग घरापासून दूर; पाखरांचे दाणे रात्री उचलून ठेवणे; अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पाय न टाकणे. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते, म्हणून खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हे बागेपेक्षाही महत्त्वाचे. जिथे लहान मुले अनवाणी खेळतात आणि जवळच्या दवाखान्यात प्रतिविष मिळत नाही, तिथे लागवड विरळ ठेवणे शहाणपणाचे आहे. आवारात दिसणाऱ्या सापांत धामण, दिवड, तस्कर असे बिनविषारीही पुष्कळ असतात, पण ते ओळखण्याचा भार घरच्यांवर टाकू नये, सर्पमित्राला बोलवावे.

डासांचे उत्तर सोपे आहे. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: कूलर, कुंडीखालची ताटली, टायर, उघडी टाकी. अंड्यापासून उडता डास होईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते ते याच हिशेबाने. पाखरांच्या पाण्याचे भांडे रोज घासून भरले तर त्यात डास होत नाही. झाडीत दिवसा डास विसावतात, हे खरे, पण ते तिथे जन्मलेले नसतात.

एक आक्षेप शहरात फारसा ऐकू येत नाही आणि तोच सर्वांत वाजवी आहे. शेतकरी म्हणतो, तुमची बाग आमच्या फळांना महागात पडते. मोसंबी आणि संत्र्याच्या फळांना भोक पाडून रस शोषणारे पतंग असतात. त्यांच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेल यांवर वाढतात. बागेभोवतालच्या या वेली काढून टाका, हा सल्ला फळबागायतदारांना दिला जातो आणि तो रास्त आहे. जालना किंवा नागपूर भागात फळबागेला लागून घर असेल तर आवारात गुळवेल चढवू नये, मग ती कितीही औषधी आणि कितीही देशी असो. तसेच लिंबाच्या कोवळ्या कलमांवर लाइम बटरफ्लायची अळी पडली तर रोपवाटिकावाल्याचे नुकसान होते. शहरातल्या कुंडीतले लिंबू तिला द्यावे, कलमांच्या वाफ्यातले नाही. ज्याचे पोट झाडावर आहे त्याला आणि ज्याचा छंद झाडावर आहे त्याला एकच नियम लावणे अन्यायाचे होईल.

राहिला अजागळपणाचा आरोप. ताम्हण, बहावा, कांचन, कुडा, सोनसावर फुललेली पाहिल्यावर देशी झाडे दिसायला फिकी, असे म्हणणे टिकत नाही. खाल्लेली पाने मात्र दिसणारच, पाला पडणारच. तो जाळण्याऐवजी आळ्यात पसरला की पावसाळ्यापर्यंत खत होतो. सोसायटीच्या सभेत तक्रार येते ती बहुधा बागेला कुणाचा हात लागत नाही असे वाटते तेव्हा. कडा नीट आखलेल्या, वाट झाडलेली आणि झाडांवर नावांच्या पाट्या असल्या की तीच झुडपे लोकांना चालतात.

रोपे मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. खासगी रोपवाटिका जे खपते ते ठेवतात, आणि 'अशोक' मागितला तर सीताअशोकाऐवजी उंच सरळ आसुपालव हाती पडतो. वन खात्याच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत मात्र बहावा, पळस, करंज, अर्जुन स्वस्तात मिळतात. झुडपे आणि वेली यांच्यासाठी बियाच गोळा कराव्या लागतात. बहाव्याच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखाली पडतात. त्याच्या बियांचे कवच टणक असते, म्हणून ते थोडे खरवडून किंवा गरम पाण्यात भिजवून लावावे. पळसाच्या पापड्या वैशाखात वाऱ्यावर उडतात. त्या ताज्या असतानाच रुजतात. रुईचे म्हातारीचे पीस तर वारा घरी आणून टाकतो. अडुळसा, निर्गुडी आणि धायटी यांची फांदी पावसाच्या तोंडावर खोचली तरी बहुधा लागते. रस्त्याच्या कडेला, माळावर, ओळखीच्याच्या बांधावर पडलेले बी वेचायला हरकत नाही; अभयारण्यात आणि देवराईत हात लावू नये, आणि ईश्वरीसारखी विरळ होत चाललेली वेल रानातून मुळासकट उपटून आणणे तर कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. तिचे बी मिळेपर्यंत थांबावे आणि तोवर त्या जागी रुई उगवू द्यावी.